घरातलं मोठं माणूस

कचकन आवाज आला. पाण्याखाली आवाजाची दिशा कळत नाही, तो चहूबाजूंनी एकदम येतो, म्हणून मी मान वळवून वळवून शोधत राहिलो. ऑगस्टमधली सकाळ होती. सॅन डिएगोजवळच्या ला होया कोव्हमध्ये, किनाऱ्यापासून थोडं आत, केल्पच्या, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाच्या, रानाच्या कडेला मी तोंडाला स्नॉर्केल लावून पालथा तरंगत होतो. खाली दोन-तीन वाव खोलीवर खडक होता आणि खडकाच्या बेचक्यात डोकं खुपसून एक मासा काहीतरी फोडत होता.

माझ्या हाताएवढा लांब. डोकं काळं कुळकुळीत, शेपटीकडचा भाग तसाच काळा आणि मधलं अंग तांबडं. हनुवटी मात्र पांढरी, कपाळावर टेंगूळ. मागे सरकून त्याने तोंड वर केलं तेव्हा ओठांबाहेर आलेले वाकडेतिकडे सुळे दिसले आणि त्यांत धरलेला जांभळा अर्चिन, काटेरी चेंडूसारखा एक समुद्री जीव. अर्धा तोंडात, अर्धा बाहेर. बाहेरचे काटे अजून सावकाश हलत होते. पुन्हा कचकन. कवचाचा चुरा खाली पडायच्या आत बारके मासे त्यावर तुटून पडले. त्या माशाने आपला तांबडा डोळा माझ्याकडे वळवला, जरा वेळ बघितलं आणि घाई न करता केल्पच्या खांबांमधून निघून गेला. आपल्या अंगणातून माणूस चालतो, तसा.

काठावर आल्यावर दात वाजत असतानाच मी मित्राला वर्णन सांगितलं. तो वीस वर्षं इथे डुबक्या मारतो. म्हणाला, "तो शीपहेड. म्हातारा नर. आणि तो आधी मादी होता."

मी मालवणचा. घरापासून बंदर पाच मिनिटांवर. रापण ओढताना पाहिली, लिलाव पाहिले, ताटात आलेल्या माशाचं कूळ चवीवरून सांगू शकतो. पण पाण्याखाली डोळे उघडून जिवंत मासा पाहिला तो चाळिशीला टेकल्यावर आणि तोही पॅसिफिकमध्ये. त्या दिवशी घरी येऊन या माशाबद्दल वाचायला बसलो आणि गेली काही वर्षं ते वाचन थांबलेलं नाही.

कॅलिफोर्निया शीपहेड हा मॉन्टेरेच्या उपसागरापासून मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातापर्यंत, खडकाळ किनाऱ्याला धरून राहणारा मासा. तीन फुटांपर्यंत वाढतो आणि पन्नास वर्षंही जगू शकतो. पिल्लू असतं ते भडक नारिंगी, अंगावर एक पांढरी पट्टी, परांवर काळे ठिपके. वयात येतो तेव्हा प्रत्येक शीपहेड मादी असतो. फिकट गुलाबी, साधा, नजरेत न भरणारा. चार-पाच वर्षांचा झाला की अंडी घालू लागतो, उन्हाळ्याच्या प्रत्येक विणीला घालतो. मग पुढे कधीतरी, विणीच्या दोन हंगामांमधल्या थंडीत, त्यातल्या काहींचं अंग बदलू लागतं. डोकं काळवंडतं, कपाळ फुगतं. पुढच्या उन्हाळ्यात तो मासा एक जागा राखतो, दुसऱ्या नरांना हुसकावतो आणि माद्यांच्या अंड्यांवर आपलं बीज सोडतो. काही माद्या कधीच बदलत नाहीत. बदललेला मात्र पुन्हा मादी होत नाही.

हे लिहिताना मराठी मला पेचात टाकते. 'तो' म्हणू की 'ती'? आपल्याकडे मासाही आहे आणि मासळीही आहे, पण एकाच जिवाने आयुष्याच्या मध्यावर एका शब्दातून दुसऱ्या शब्दात जायचं, याला क्रियापद कुठलं वापरायचं?

आतून काय होतं तेही मी वाचलं. अंडाशयातल्या अंडी घडवणाऱ्या पेशी विरत जातात आणि त्याच अवयवात शुक्राणू तयार करणारा भाग वाढू लागतो. नराच्या संप्रेरकाचं मादीच्या संप्रेरकात रूपांतर करणारं एक विकर असतं. त्याचं काम मंदावतं आणि सगळा तोल फिरतो. पण अंडाशयाच्या मध्यभागी अंडी बाहेर पडण्यासाठी जी पोकळी होती, ती तशीच राहते. तिचा आता काही उपयोग नसतो. पूर्ण नर झालेला मासा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तरी ती पोकळी दिसते आणि याचं आधीचं आयुष्य काय होतं ते कळतं. या ओळीवर मी बराच वेळ थांबलो होतो.

बदलायचं कशासाठी, याचं उत्तर मायकल गिझेलिन या शास्त्रज्ञाने 1969 साली मांडलं. हिशेब सरळ आहे. लहान नराला या दुनियेत कोणी विचारत नाही, मोठे नर त्याला जागेच्या आसपास फिरकू देत नाहीत. लहान मादीला मात्र मोठ्या मादीपेक्षा कमी का होईना, अंडी घालता येतातच. उलट मोठा, धिप्पाड नर एका हंगामात कितीतरी माद्यांची अंडी फळवू शकतो. तेव्हा लहानपणी मादी असावं आणि मोठं झाल्यावर नर व्हावं, यातच जास्त संतती. रॉबर्ट वॉर्नर यांनी 1975 साली हा हिशेब आकड्यांत बसवला आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासातला मासा हाच शीपहेड होता. लॉस एंजेलिससमोरच्या कॅटलिना बेटाच्या आणि मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाच्या पाण्यातला. दोन्हीकडे मासा एकच, पण वाढ वेगळी, बदलण्याची वेळ वेगळी. म्हणजे ठरावीक इंच झाले की बदल, असं काही त्याच्या अंगात कोरलेलं नाही. आजूबाजूला कोण आहे, किती मोठं आहे, त्यावर ते ठरतं.

हे सगळ्यात लख्ख दिसलं ते दुसऱ्याच एका माशात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर हेरॉन बेट आहे. तिथे डी. आर. रॉबर्टसन यांनी बोटभर लांबीचा एक मासा अभ्यासला. हा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो. एक नर आणि तीन ते सहा माद्या असं त्याचं कुटुंब, माद्यांमध्येही थोरली-धाकटी अशी उतरंड. नर मेला की काय होतं, ते त्यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलं. दोन तासांच्या आत थोरली मादी नरासारखी वागू लागते. त्याच्या हद्दीतून फेऱ्या मारते, धाकट्यांना धाक दाखवते. दोन-तीन आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्राणू तयार झालेले असतात. अंगाला बदलायला दिवस लागतात. जबाबदारी मात्र त्याच दिवशी उचललेली असते.

हे वाचलं आणि मला ताई आठवली.

1993 च्या आषाढात बाबा गेले. बंदराच्या रस्त्यावर आमचं होड्यांची मशीनं दुरुस्त करायचं दुकान होतं. पावसाळा म्हणजे आमचा हंगाम, कारण होड्या वर काढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेच्या आत सगळ्यांना आपापलं मशीन तयार हवं असतं. बाबा गेले तेव्हा दुकानात अकरा मशीनं उघडी पडली होती. मी अकरा वर्षांचा होतो, म्हणून तो आकडा लक्षात राहिला. ताई एकोणीस. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला.

मुंबईहून आलेले काका ओसरीवर म्हणाले, "घरातला कर्ता पुरुष गेला. आता दुकान विकून टाका." आई काही बोलली नाही. पाचव्या दिवशी सकाळी, सुतकातच, ताईने बाबांच्या खिळ्यावरची किल्ली काढली आणि दुकान उघडलं. शेजारणी कुजबुजल्या. मी तिच्या मागे गेलो होतो. तिने दिवा लावला, बाबांच्या स्टुलावर बसली आणि बिस्किटांचा एक जुना निळा डबा उघडला. त्यात बाबा ऑइल सील ठेवायचे, वेगवेगळ्या मापांची, दोऱ्यात ओवून. ती एकेक काढून वहीतल्या नावांशी जुळवत बसली. आमचा म्हातारा फिटर दारात आला, तिला बघितलं, काही न बोलता चपला काढल्या आणि पहिल्या मशीनशी बसला.

नारळी पौर्णिमेला अकराच्या अकरा मशीनं पाण्यात होती. त्यानंतर ताई कॉलेजला गेली नाही. दोन वर्षांत ती आवाजावरून सांगायची की पंखा वाकलाय की गॅस्केट गेलंय. तिच्या नखांतलं ग्रीज कधीच पूर्ण निघालं नाही. माझ्या इंजिनियरिंगची फी त्या नखांतून आली. गावात कौतुकाने म्हणायचे, "चेडू नाय गो, झील असा तुजो." आईला बरं वाटायचं. ताई खाली मान घालून काम करत राहायची. तेव्हा मलाही ते कौतुकच वाटायचं. एकोणीस वर्षांच्या मुलीला कोणी 'मुलगा' म्हटलं, तर तिच्याकडून काय काढून घेतलं जातं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

इथे थांबून एक सांगतो. माणसांच्या लिंगभावावर वाद सुरू झाला की हल्ली कोणी ना कोणी या माशांना साक्षीला उभं करतं. मला ते रुचत नाही. माणसाला त्याच्या मनासारखं जगू द्यायला माशाचा दाखला लागू नये. ताईचीही मी माशाशी बरोबरी करत नाही. पण एकाच्या जाण्याने दुसऱ्याला वेळेआधी मोठं व्हावं लागतं, ही गोष्ट मी घरात पाहिली होती. म्हणून शीपहेडच्या आकडेवारीत ती दिसली तेव्हा मला ती वाचता आली.

ती आकडेवारी अशी. दक्षिण कॅलिफोर्नियात माणसं शीपहेड खात आली आहेत ती आजकालची नव्हेत. चॅनेल बेटांवर तिथल्या आदिवासींच्या वस्त्यांतून निघालेल्या शिंपल्यांच्या ढिगांत दहा हजार वर्षांपासूनची या माशाची हाडं सापडतात. खाऊनही मासा टिकला. विसाव्या शतकात आधी हौशी लोक भाले घेऊन पाण्यात उतरले. त्यांना हवा असायचा काळ्या डोक्याचा मोठा नर, फोटोत शोभेल असा. मग 1980 च्या दशकाच्या शेवटी जिवंत माशांचा धंदा सुरू झाला. पिंजरे लावायचे, मासा जिवंत पकडायचा, पाण्याच्या टाकीतून थेट हॉटेलात. तिथे हवा असतो एका ताटात मावेल एवढाच मासा. त्या मापाचा शीपहेड म्हणजे बहुधा कोवळी मादी, कित्येकदा एकही वीण न झालेली. एका टोकाने नर जात होते, दुसऱ्या टोकाने माद्या.

2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वॉर्नर आणि त्यांच्यानंतरच्यांनी केलेल्या जुन्या नोंदींशी 1998 च्या माशांची तुलना केली गेली. जिथे मासेमारीचा ताण जास्त होता, तिथे मासे आधीपेक्षा लहान मापात वयात येत होते आणि लहान मापातच नर होत होते. वरचे मोठे गेले, म्हणून खालचे अकाली पुढे झाले.

वरवर पाहिलं तर यात काही बिघडलेलं दिसत नाही. पाण्यात उतरून मोजलं तर शीपहेड आहेत, नर आहेत, माद्या आहेत. मला वाटतं, धोका नेमका इथेच आहे. मोजणी डोक्यांची होते. लवकर नर झालेल्या त्या माशाची अंडी घालण्याची जी वर्षं गेली, ती कुठल्याच मोजणीत येत नाहीत. मागे राहिलेल्या माद्या लहान, म्हणून त्यांची अंडीही थोडी. आणि नर झाला तरी तो लहानच. ला होयात मी ज्याला पाहिलं, त्याच्या जबड्यात मुठीएवढा अर्चिन बसत होता. फूटभर लांबीच्या नराला तो फुटत नाही.

अर्चिन न फुटण्याची गोष्ट साधी नाही. अर्चिन केल्प खातात, बुंध्यापासून कुरतडतात. ते माजले की केल्पचं रान उजाड होतं आणि त्या रानातले सगळे मासे बेघर होतात. दक्षिण कॅलिफोर्नियासमोरच्या सॅन निकोलस बेटापाशी एका खडकाळ भागातून शीपहेड मुद्दाम काढून पाहिले होते. तिथले लाल अर्चिन वर्षाला 26 टक्क्यांनी वाढले. 1983 साली छापून आलेला तो प्रयोग मी तीनदा वाचला. मोठा शीपहेड घर राखतो म्हणजे काय, ते त्या एका आकड्यात आहे.

आपल्या लोकांच्या जास्त ओळखीचा म्हणजे गोबरा, कोणी हेकरू म्हणतं. मेक्सिकोच्या आखातात गॅग नावाचा त्याचा भाऊबंद आहे. तोही मादी म्हणून सुरू होतो आणि मोठेपणी नर होतो. 1970 च्या दशकात त्यांच्यात शेकडा 17 नर असायचे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 2 उरले. विणीसाठी सगळे ठरलेल्या जागी गोळा होतात, त्या जागा होड्यांना ठाऊक झाल्या आणि आमिषाला आधी तोंड लावणारे होते मोठे नर.

आमची आई बाजारात गोबरा घ्यायला गेली की एकच वाक्य. "बारको नको गे, मोठो दी." लहान माशात काट्यांपलीकडे काय मिळतं? शिवाय लहान सोडावा, मोठा घ्यावा, हा आपल्याकडे चांगुलपणाही मानला जातो. सरकारचे नियमही त्याच वाटेने जातात. इथे शीपहेडसाठी 1999 मध्ये व्यावसायिक मासेमारांना किमान 12 इंचांचं माप लागलं, 2001 मध्ये ते 13 इंच झालं. महाराष्ट्रानेही 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान माप ठरवून दिलं. बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण जाळ्यात आलेली बोटभर पिल्लं टोपल्यांनी जाताना मी पाहिली आहेत. बांगड्याला, सुरमईला हा नियम फार मोलाचा आहे. पण गोबऱ्यासारख्या माशाला तो अर्धाच पुरतो. माप लावून धाकट्यांना वाचवलं आणि मोठे सगळे उचलले, तर त्या कुळातले नरच संपतात. धाकट्यांतून पुन्हा कोणीतरी अकाली उभा राहतो. अशा माशाचे लहानही सोडावे लागतात आणि काही मोठेही. किंवा मग समुद्राचा एखादा तुकडाच सोडून द्यावा लागतो, जिथे कोणी काहीच धरायचं नाही.

ला होया कोव्ह हा असा सोडलेला तुकडा आहे. तिथून मासाच काय, शिंपलाही उचलायचा नाही. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर 2012 च्या 1 जानेवारीपासून असे पुष्कळ तुकडे राखले गेले. मला दिसलेला तो म्हातारा तसाच म्हातारा झाला नव्हता, त्याला होऊ दिलं होतं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये ताई इकडे आली. पहिलाच परदेश प्रवास. तिचं लग्न बत्तिसाव्या वर्षी झालं, माझी नोकरी लागल्यावर. दुकान अजून तीच चालवते. तिला पोहता येत नाही, म्हणून मी तिला स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेच्या बर्च मत्स्यालयात नेलं. तिथे केल्पची एक प्रचंड टाकी आहे, तिच्यासमोर थिएटरसारख्या पायऱ्या. आम्ही अगदी पुढे उभे राहिलो. एक शीपहेड काचेजवळ आला. अजून पुरता नर नव्हता. अंग गुलाबी, पण डोकं धुरकट, चुलीजवळच्या भिंतीसारखं. ताई वाकून बघू लागली.

"ह्यो बापयो काय बायलमाणूस?"

मी सगळं सांगितलं. वॉर्नर, गिझेलिन, अर्चिन, सगळं. ती ऐकत होती, नजर माशावर. मग तिने विचारलं, आतला अंड्यांचा भाग असतो त्याचं पुढे काय होतं. मी ती पोकळी सांगितली. काही काम नसतं, पण जात नाही.

"म्हणजे पार्ट काढून टाकीत नाय," ताई म्हणाली. "आतच बंद करून ठेवता."

मला पुढे बोलता येईना. मासा वळला, टाकीच्या मागच्या अंधारात गेला, पुन्हा फिरून आला. ताईने काचेवर हात टेकला होता. पन्नाशी उलटलेला हात, नखांच्या कडा अजून काळ्या.

तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. इथे संध्याकाळचे साडेचार, मालवणात पहाटेचे पाच. दुकानातला पोरगा होता. कोणाची तरी होडी निघायची खोळंबली होती.

"डावीकडच्या कपाटात बघ," ताई माशावरची नजर न काढता म्हणाली, "खालच्या खणात. निळो डबो. नाय रे, तो न्हय. तेच्या मागचो."